शिष्यवृत्ती हातात कधी पडते? कॉलेजच्या फीचा आणि मदतीचा अभ्यास कसा करावा

महाराष्ट्रात उच्च शिक्षणाच्या खर्चावर बोललं जातं खूप, मोजलं जातं कमी. जे मोजलं जातं तेही बहुधा एकाच अंगाने: अमुक योजनेत इतके लाभार्थी, इतके कोटी वाटप. विद्यार्थ्याच्या घरातून पाहिलं तर प्रश्न वेगळाच असतो. ऑगस्टमध्ये फी भरायची असते आणि शिष्यवृत्ती मार्चमध्ये येते. मधले सात महिने कोणी निभावले, कशातून निभावले आणि त्याची किंमत काय पडली, हे वाटपाच्या आकड्यात कुठेच दिसत नाही. म्हणून असा अभ्यास करताना रकमेइतकंच वजन तारखेला द्यावं.

ही कृती एम.ए., एम.एस.डब्ल्यू. किंवा पीएच.डी. करणाऱ्यांना, प्राध्यापकांना, विद्यार्थी संघटनांना आणि जिल्ह्यात काम करणाऱ्या संस्थांना उपयोगी पडेल. दोन-तीन माणसं, एक सत्र आणि साधी स्प्रेडशीट एवढ्यात नीट अभ्यास उभा राहतो.

प्रश्न छोटा करा

‘उच्च शिक्षणातील आर्थिक समस्या’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. ‘आमच्या तालुक्यातल्या चार विनाअनुदानित कॉलेजांत प्रथम वर्षाला आलेल्या विद्यार्थ्यांना मंजूर झालेली शिष्यवृत्ती प्रवेशानंतर किती दिवसांनी मिळाली, आणि तोवर फी कशातून भरली?’ हा प्रश्न. त्यात जागा ठरलेली आहे, गट ठरलेला आहे, मोजायची गोष्ट ठरलेली आहे. प्रश्न कागदावर लिहून पाहा. उत्तर आकड्यात किंवा तारखेत येणार नसेल तर तो अजून मोठा आहे.

अनुदानित आणि विनाअनुदानित कॉलेजं एकाच टोपलीत टाकू नका. १९८३ मध्ये वसंतदादा पाटलांच्या सरकारने खासगी विनाअनुदानित अभियांत्रिकी कॉलेजांना वाट मोकळी केल्यापासून राज्यात दोन वेगळी अर्थकारणं शेजारी शेजारी चालतात. अनुदानितमध्ये शिक्षकांचा पगार सरकार देतं. विनाअनुदानितमध्ये तो फीमधून निघतो. तिथे शिष्यवृत्तीची रक्कम अडली की प्राध्यापकांचे पगारही अडतात, आणि तो ताण शेवटी फीच्या खिडकीवर येतो. दोन्हींची सरासरी काढली तर जो आकडा येईल तो कोणत्याच कॉलेजाचा नसेल.

आधी पावत्या गोळा करा

फीपत्रकावरचा आकडा हा खर्चाचा एक तुकडा असतो. व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी राज्याचा २०१५ चा कायदा आहे. त्याखालचं शुल्क नियामक प्राधिकरण संस्थानिहाय फी ठरवतं, आणि ती शिक्षण शुल्क आणि विकास शुल्क अशी दिसते. आदेश पाहताना वर्ष, अभ्यासक्रम आणि फी अंतिम आहे की हंगामी, या तीन गोष्टी टिपा. मग विद्यार्थ्याने प्रत्यक्षात भरलेल्या पावत्या त्याच्या शेजारी ठेवा.

पावती हातात घेऊन शांतपणे वाचा. वर छापलेलं नाव कॉलेजचं आहे की संस्थेच्या ट्रस्टचं? पावती एक आहे की दोन? दुसरी पावती ‘इतर’, ‘ॲक्टिव्हिटी’, ‘ट्रेनिंग अँड प्लेसमेंट’ अशा नावाने फाडलेली असते, आणि तिच्यावरची रक्कम कोणत्याच शिष्यवृत्तीत धरली जात नाही. बसची सक्ती, गणवेश, जर्नल, प्रकल्पाची छपाई यांची तर पावतीच नसते. ज्या रकमेला पावती नाही ती वेगळ्या रकान्यात, ‘विद्यार्थ्याने सांगितलेली’ असं स्पष्ट लिहून ठेवा. पुढे कोणी आकड्यांना आव्हान दिलं तर पावतीवाले आकडे ठाम उभे राहतात आणि बाकीचे त्यांना खाली ओढत नाहीत.

नियमित शुल्काबाहेर आणि पावतीशिवाय घेतलेल्या पैशांसाठी राज्यात १९८७ पासून कॅपिटेशन फी प्रतिबंधक कायदा आहे. तसं काही सापडलं तर तो तक्रारीचा विषय होतो. संशोधनाच्या प्रश्नावलीत त्याची सरमिसळ करू नका, नाहीतर कॉलेजची दारं दुसऱ्याच दिवशी बंद होतात.

खर्चाचे रकाने असे करा: कॉलेजला दिलेले पैसे, राहणं-खाणं, प्रवास, पुस्तकं आणि साधनं, अनामत. अनामत परत मिळणारी असते, म्हणून ती खर्चात धरायची नाही. पण ती भरायला लागणारी रोकड त्याच दिवशी उभी करावी लागते, त्यामुळे तारखांच्या तक्त्यात ती आलीच पाहिजे. शिकताना बुडालेली मजुरी हा खरा खर्च आहे, तरी तो बेरजेत मिसळू नका. वेगळा दाखवा, कारण त्याचा अंदाज माणसागणिक बदलतो.

तारखांचा तक्ता

या अभ्यासाचा जीव इथे आहे. प्रत्येक विद्यार्थ्यासाठी एक ओळ आणि किमान पाच तारखा: प्रवेश निश्चित झाला ती, महाडीबीटीवर (शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जांचं राज्याचं पोर्टल) अर्ज भरला ती, कॉलेजने अर्ज पुढे पाठवला ती, जिल्हा कार्यालयाने मंजूर केला ती, आणि पैसे खात्यात जमा झाले ती. पहिली तारीख प्रवेशाच्या कागदावर, मधल्या तीन पोर्टलच्या लॉगिनमध्ये आणि शेवटची बँकेच्या पासबुकात मिळते.

एक नमुन्याची ओळ पाहू. प्रवेश १४ ऑगस्ट, अर्ज २ नोव्हेंबर, कॉलेजने पुढे पाठवला १० जानेवारी, मंजुरी २८ जानेवारी, खात्यात जमा ३० मार्च. एकूण २२८ दिवस. ‘सरकार उशीर करतं’ एवढं म्हणून इथे थांबता येईल, पण तुकडे पाडले की चित्र बदलतं. प्रवेश ते अर्ज ८० दिवस, कॉलेजच्या टेबलावर ६९ दिवस, जिल्हा कार्यालयात १८ दिवस, मंजुरी ते प्रत्यक्ष पैसे ६१ दिवस. चार तुकड्यांचे चार वेगळे मालक आहेत आणि चार वेगळे उपाय. पहिल्या ८० दिवसांतही दोन भाग करा: त्या वर्षी पोर्टल अर्जासाठी खुलं होईपर्यंतचे दिवस, आणि खुलं झाल्यानंतर जातवैधता, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल यांची वाट पाहण्यात गेलेले दिवस. सगळा दोष ‘मुलं वेळेवर फॉर्म भरत नाहीत’ या वाक्यावर ढकलला जातो तो हा भाग वेगळा न केल्यामुळे.

आता उशिराची किंमत. समजा ४५,००० रुपये यायचे होते आणि घरच्यांनी तेवढे शेकडा २ रुपये महिना व्याजाने उचलले. महिन्याला ९०० रुपये व्याज. साडेसात महिन्यांचे ६,७५०. म्हणजे कागदावर ४५,००० ची शिष्यवृत्ती त्या घराला ३८,२५० चीच पडली, १५ टक्के वाटेतच गेले. बचत गटातून, सोनं गहाण ठेवून किंवा नातेवाइकांकडून बिनव्याजी, प्रत्येकाचा दर वेगळा. म्हणून दर विचारा, गृहीत धरू नका. आणि ‘कर्ज काढलं नाही’ या उत्तरावर थांबू नका. शेळी विकली, बहिणीचा प्रवेश एक वर्ष पुढे ढकलला, मुलाने रात्रपाळी धरली, ही सगळी त्याच उशिराची किंमत आहे, फक्त ती व्याजाच्या रूपात दिसत नाही.

तारखा भरताना ठेच लागते अशा काही जागा आहेत. अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत केंद्राचा ६० टक्के आणि राज्याचा ४० टक्के वाटा असतो. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या रचनेनुसार राज्याने आपला वाटा दिल्यावर केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. त्यामुळे जमा होण्याच्या दोन तारखा असू शकतात. एकच रकाना ठेवला तर निम्मे जण पहिली तारीख सांगतील, निम्मे दुसरी.

दुसरी जागा आधारशी जोडलेल्या खात्याची. विद्यार्थी सांगतो ‘पैसे आलेच नाहीत’, पोर्टल सांगतं ‘जमा झाले’. दोघंही खरं बोलत असतात. रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यात न जाता आधारशी जोडलेल्या खात्यात जाते, आणि ते खातं कधीकाळी शाळेत असताना किंवा जनधनमध्ये उघडलेलं, गावच्या शाखेतलं, वापरात नसलेलं निघतं. प्रश्नावलीत ‘आधार कोणत्या बँकेला जोडलेलं आहे?’ हा प्रश्न ठेवाच.

तिसरी जागा: काही योजनांत शिक्षण शुल्काची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात येते आणि ती त्याने कॉलेजात भरायची असते. तिथे ‘खात्यात जमा’ ही शेवटची तारीख नाही. कॉलेजने पावती दिली ती तारीख सहावी म्हणून घ्या. निर्वाह भत्ता मात्र विद्यार्थ्याचाच, तो या सहाव्या रकान्यात येत नाही.

सरकारी आकडे घेताना

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षण २०१०-११ पासून होतं आणि संस्थांनी भरलेल्या माहितीवर उभं असतं. २०२१-२२ मध्ये देशात ४.३३ कोटी विद्यार्थी आणि ढोबळ पटनोंदणी गुणोत्तर २८.४, असं ते सांगतं. हे गुणोत्तर काढताना वर सगळ्या वयांचे विद्यार्थी असतात आणि खाली १८ ते २३ वयाची लोकसंख्या. खालचा आकडा जनगणनेवरून केलेला अंदाज असतो, आणि इथेच अनेकांची गाडी घसरते. २०१९-२० च्या अहवालात गुणोत्तर २७.१ होतं, २०२०-२१ च्या अहवालात २७.३. दोन्ही शेजारी ठेवले तर वाढ फक्त ०.२. पण पहिला आकडा २००१ च्या जनगणनेवरचा होता आणि दुसरा २०११ च्या. त्याच नव्या पायावर २०१९-२० चं गुणोत्तर २५.६ येतं, म्हणजे वाढ १.७. जुन्या अहवालातला आकडा नव्या अहवालाशेजारी कधीही थेट ठेवू नका. मालिका नेहमी एकाच अहवालातून उचला.

कुटुंबाच्या खिशातून गेलेल्या खर्चासाठी राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाची ७५ वी फेरी पाहा. जुलै २०१७ ते जून २०१८, १,१३,७५७ कुटुंबं. त्यात फी, पुस्तकं-गणवेश, प्रवास, खासगी शिकवणी असे तुकडे पाडलेले आहेत. कच्ची माहिती सांख्यिकी मंत्रालयाकडून मोफत मिळते. गणना करताना प्रत्येक ओळीसोबत दिलेला भारांक, म्हणजे ती ओळ किती लोकांच्या वतीने बोलते तो आकडा, लावायचाच. तो विसरला तर आकडा सर्वेक्षणात सापडलेल्या माणसांचा येतो, राज्याचा नाही. आणि जिल्ह्यापर्यंत खाली उतरू नका. एका जिल्ह्यातले पदवीचे विद्यार्थी त्या नमुन्यात इतके थोडे असतात की सरासरीला अर्थ उरत नाही.

राज्याच्या अर्थसंकल्पात उच्च शिक्षणाचा पैसा एका जागी सापडत नाही. २२०२ या लेखाशीर्षात सर्वसाधारण शिक्षण (त्यात विद्यापीठ आणि उच्च शिक्षण हे वेगळं उपशीर्ष), २२०३ मध्ये तंत्रशिक्षण, आणि सामाजिक प्रवर्गांच्या शिष्यवृत्त्या २२२५ मध्ये. फक्त शिक्षण खात्याची पुस्तकं उघडली तर शिष्यवृत्तीचा मोठा भाग नजरेआड राहतो. उलट बाजूची चूकही होते: सरकारने दिलेली शिष्यवृत्ती आणि कॉलेजला मिळालेली फी यांची बेरीज ‘उच्च शिक्षणावरचा एकूण खर्च’ म्हणून केली जाते. विनाअनुदानित कॉलेजच्या फीत तोच शिष्यवृत्तीचा रुपया असतो. तो दोनदा मोजला गेला.

अर्थसंकल्पाच्या तक्त्यात एकाच ओळीत प्रत्यक्ष खर्च, अर्थसंकल्पीय अंदाज आणि सुधारित अंदाज दिलेले असतात. बातम्यांत येतो तो अंदाज. अभ्यासात घ्यायचा तो प्रत्यक्ष खर्च, मग तो दोन वर्षं जुना असला तरी चालेल. तरतूद आणि प्रत्यक्ष खर्च यांतली तफावत हाच कित्येकदा सगळ्यात बोलका आकडा असतो. शिक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च व्हावा ही १९६४-६६ च्या कोठारी आयोगाची शिफारस, आणि २०२० च्या राष्ट्रीय धोरणातही ६ टक्क्यांचा उल्लेख आहे. हे ६ टक्के बालवाडीपासून विद्यापीठापर्यंतच्या सगळ्या शिक्षणासाठी आहेत. ते एकट्या उच्च शिक्षणाच्या आकड्यासमोर ठेवले की तुलनाच मोडते.

बाकीची माहिती माहितीच्या अधिकारातून. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, सोबत १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. उत्तराला ३० दिवस. नाही आलं तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यावरही समाधान झालं नाही तर ९० दिवसांत दुसरं. खासगी कॉलेज ‘आम्हाला कायदा लागू नाही’ म्हणेल, तेव्हा तिथे वेळ घालवू नका. तीच माहिती समाजकल्याण कार्यालयाकडे, तंत्रशिक्षण विभागाकडे किंवा विद्यापीठाकडे असते. खासगी संस्थेची जी माहिती सरकारी कार्यालयाला कायद्याने मिळवता येते, ती मागण्याचा हक्क कलम २(फ) मध्येच आहे. नावं मागू नका, वैयक्तिक माहिती म्हणून नकार हमखास येतो. असं मागा: ‘सन २०२३-२४ मध्ये अमुक योजनेत तालुकानिहाय व महिनानिहाय मंजूर अर्जांची संख्या, आणि त्या अर्जांची रक्कम जमा झाल्याचा महिना.’ ‘उशिराची कारणं काय?’ असं विचारलं तर उत्तर मिळत नाही. कायदा नोंदीत असलेली माहिती देतो, खुलासा देत नाही.

प्रश्नावली आणि निसटलेले विद्यार्थी

‘तुम्हाला आर्थिक अडचण आली का?’ हा प्रश्न फुकट जातो. सगळे ‘हो’ म्हणतात, किंवा संकोचाने सगळे ‘नाही’. त्याऐवजी: ‘पहिला हप्ता कोणत्या तारखेला भरला? किती? पैसे कोणाकडून आले? परत द्यायचे होते का? किती दिले, अजून किती बाकी?’ तारीख आठवत नसेल तर गणपतीच्या आधी की नंतर, दिवाळीच्या सुट्टीत की परीक्षेचा फॉर्म भरताना, असं विचारा. माणसं महिना विसरतात, सण विसरत नाहीत. शक्य तिथे पासबुक किंवा फोनवरचा बँकेचा संदेश समोर उघडायला सांगा, पण त्याचा फोटो काढू नका.

हॉल तिकीट फीसाठी अडवलं का, मूळ कागदपत्रं कॉलेजने ठेवून घेतली का, हेही विचारा. मूळ प्रमाणपत्रं ठेवून घ्यायची नाहीत असं विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ मध्येच बजावलं आहे. तरीही ‘लागतील म्हणून जमा आहेत’ हे उत्तर किती जणांकडून येतं, ते मोजण्याजोगं आहे.

आधी १२ ते १५ जणांवर प्रश्नावली चालवून पाहा. एकाला २५ मिनिटांपेक्षा जास्त लागत असतील तर प्रश्न कमी करा. नमुना किती असावा? टक्केवारीतली चूक साधारण अशी धरा: १०० जण असले तर १० टक्के अंक वर-खाली, २०० ला ७, ४०० ला ५. हे अंदाज चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या नमुन्याचे आहेत. कॅन्टीनमध्ये भेटतील तेवढे फॉर्म भरून घेतले तर ४०० चा काही उपयोग नाही. आणि २०० पैकी भटक्या-विमुक्त प्रवर्गातल्या मुली १४ निघाल्या, तर त्या १४ जणींची टक्केवारी छापू नका. त्यांच्याशी सविस्तर बोला आणि ते शब्दांत लिहा.

सगळ्यात मोठी चूक मात्र दुसरीच आहे. वर्गात बसलेल्या मुलांनाच विचारलं तर पैशाअभावी सोडून गेलेला एकही विद्यार्थी तुमच्या नमुन्यात येत नाही, आणि निष्कर्ष निघतो की बहुतेकांचं निभावतं. म्हणून यादी घ्यायची ती दोन वर्षांपूर्वीच्या प्रथम वर्ष प्रवेशाची. तिच्यातून नावं निवडा, मग एकेकाचा माग काढा. आज वर्गात आहे, दुसऱ्या कॉलेजात गेला, इयर डाउन आहे, शिक्षण सोडलं, सापडला नाही, असे पाच शेरे. दुसऱ्या कॉलेजात गेलेल्याला ‘सोडलं’ मध्ये घालू नका. ‘सापडला नाही’ हे प्रमाण अहवालात उघड लिहा. ते पाचातले एक असेल तर तुमच्या प्रत्येक निष्कर्षावर त्याची सावली आहे.

संमती लेखी घ्या. जात, उत्पन्न, कर्ज हे सगळं एकाच कागदावर येतं, म्हणून नावाऐवजी क्रमांक वापरा आणि नाव-क्रमांकाची यादी वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. आधार क्रमांक मुळीच घेऊ नका. आणि फॉर्म भरून घेणारी व्यक्ती त्याच विभागाची शिक्षक नसावी. तिच्यासमोर कोणता विद्यार्थी दुसऱ्या पावतीबद्दल बोलेल?

योजनेचा परिणाम मोजताना

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने व्यावसायिक अभ्यासक्रमांना केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून आलेल्या, ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या मुलींना शिक्षण व परीक्षा शुल्कात ५० ऐवजी १०० टक्के सवलत मिळाली. व्यवस्थापन कोटा त्यातून वगळला आहे. मुलींचे प्रवेश वाढले का, हे पाहण्याचा मोह साहजिक आहे, आणि पाहावंही. पद्धत सोपी वाटते: मुलींमधला आधी-नंतरचा फरक घ्या, त्यातून मुलांमधला आधी-नंतरचा फरक वजा करा. उरेल तो योजनेचा परिणाम.

इथे सापळा आहे. समजा एका शाखेत १२० जागा. आधी मुली ३६, मुलं ८४; नंतर मुली ४४, मुलं ७६. मुलींत ८ ची वाढ, मुलांत ८ ची घट, वजाबाकी १६. पण जादा मुली आल्या आठच. जागा ठरलेल्या असताना एकीचा प्रवेश म्हणजे दुसऱ्याची जागा जाते, आणि मुलांची ती घट योजनेचाच परिणाम असते. तुलनेसाठी घेतलेला गट योजनेपासून अलिप्त राहिलाच नाही. यातून वाट अशी: ज्या शाखांत आधी जागा रिकाम्या राहत होत्या त्यांच्याकडे पाहा, तिथे कोणाची जागा गेलेली नसते. किंवा ज्यांना पूर्वीपासून वेगळ्या योजनेत पूर्ण शुल्क मिळत होतं त्या प्रवर्गांतल्या मुलींशी तुलना करा. आणि निर्णयाच्या आधीची किमान तीन वर्षं घ्या. मुलींचं प्रमाण आधीपासूनच चढत असेल तर तो चढ योजनेच्या नावावर जमा होतो.

उत्पन्न मर्यादेच्या जरा आतल्या आणि जरा बाहेरच्या विद्यार्थ्यांची तुलना ही दुसरी पद्धत. अडीच लाखांची किंवा आठ लाखांची रेषा, तिच्या दोन्ही बाजूची कुटुंबं जवळपास सारखीच, फरक फक्त मदतीचा. कल्पना चांगली आहे, पण आधी एक काम करा. दाखल्यांवरची उत्पन्नं दहा-दहा हजारांच्या गटांत मांडून आलेख काढा. रेषेच्या किंचित खाली ढीग आणि किंचित वर खड्डा दिसला, तर दाखला रेषा पाहून काढलेला आहे. मग दोन्ही बाजूची कुटुंबं सारखी उरत नाहीत: आतल्यांकडे तहसीलमधून हवा तसा दाखला मिळवण्याची ओळख आणि सवड असते. अशा वेळी ही पद्धत सोडून द्या आणि तो आलेखच अहवालात छापा.

रकमेपलीकडचं काही मोजायचं असेल तर अमेरिकेतले दोन प्रयोग डोळ्यांपुढे ठेवण्यासारखे आहेत. मिशिगन विद्यापीठाने २०१५ पासून कमी उत्पन्नाच्या हुशार विद्यार्थ्यांना नावानिशी पत्र पाठवून चार वर्षांच्या फीमाफीचं वचन दिलं. यातल्या बहुतेकांना ती मदत एरवीही मिळालीच असती. बदललं एवढंच की ती आधी आणि खात्रीने सांगितली गेली. पत्र मिळालेल्यांपैकी ६८ टक्क्यांनी अर्ज केला, न मिळालेल्यांपैकी २६ टक्क्यांनी. विद्यापीठात दाखल झाले २७ टक्के, विरुद्ध १२. दुसऱ्या प्रयोगात करविवरणपत्र भरायला आलेल्या कुटुंबांना तिथल्या तिथे मदतीचा अर्ज भरून दिला, तर कॉलेजला जाणाऱ्यांचं प्रमाण साधारण ८ टक्के अंकांनी वाढलं. ज्यांना फक्त माहिती सांगितली त्यांच्यात फरक पडला नाही. आपल्याकडे ‘जनजागृती शिबिरं’ हा ठरलेला उपाय आहे. शिबिराला किती आले हे मोजण्याऐवजी तिथेच किती अर्ज पूर्ण होऊन सादर झाले, हे मोजा.

कर्जाचा भाग

शैक्षणिक कर्जाबद्दल व्याजदर विचारून भागत नाही. हप्ता आणि पहिला पगार शेजारी ठेवावे लागतात. चार वर्षं दरवर्षी सुरुवातीला १ लाख उचलले, १० टक्के दर, शिक्षण संपल्यावर एक वर्षाची सवलत. या काळात सरळ व्याज चढतं: पहिल्या लाखावर ५ वर्षांचं, मग ४, ३ आणि २. एकूण १४ वर्षांचं, म्हणजे १.४० लाख. ते मुद्दलात मिळून ५.४० लाख होतात. १० वर्षांत फेडायचे तर महिन्याला सुमारे ७,१३६ रुपये, १५ वर्षांत सुमारे ५,८००. पहिला पगार २०,००० असेल तर दहा वर्षांच्या हप्त्यात त्यातला ३६ टक्के जातो. कुटुंबाचं उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि केंद्राचं व्याज अनुदान मिळालं, तर १.४० लाख चढतच नाहीत आणि हप्ता ५,२८६ वर येतो.

म्हणून कर्जदाराला विचारायचे प्रश्न: व्याज अनुदानाचा दावा बँकेने पाठवला का, दरवर्षी उत्पन्नाचा दाखला मागितला का, साडेसात लाखांच्या आतल्या कर्जाला तारण मागितलं का? बँकांच्या आदर्श कर्ज योजनेत ४ लाखांपर्यंत तारण किंवा जामीन लागत नाही, त्यापुढे साडेसात लाखांपर्यंत जामीनदार, आणि त्याच्यावर तारण. गावच्या शाखेत याहून वेगळं घडलं असेल तर ते शाखेच्या नावाशिवाय, संख्येत लिहा. आणि मंजूर झालेल्या कर्जदारांपुरतेच थांबू नका. तोंडी नकार मिळालेल्यांची कुठेच नोंद नसते, ती फक्त तुमच्या प्रश्नावलीत येऊ शकते.

अहवाल लिहिताना

उशिराची सरासरी देऊ नका, मध्यक द्या, म्हणजे सगळे आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा. पाच जणांचा उशीर २, ३, ३, ४ आणि १८ महिने असेल तर सरासरी ६ येते, जी पाचांपैकी एकाच्याही अनुभवाला धरून नाही. मध्यक ३. अठरा महिनेवाल्याची गोष्ट वेगळी सांगा, ती महत्त्वाची आहे.

ज्यांचे पैसे अजून आलेच नाहीत त्यांना गणनेतून वगळू नका. ६० पैकी २४ जणांचे पैसे १४ महिने उलटूनही बाकी आहेत, आणि तुम्ही उरलेल्या ३६ जणांचाच उशीर काढला, तर योजना आहे त्यापेक्षा चपळ दिसेल. त्या २४ जणांना ‘१४ पेक्षा जास्त’ असं लिहून रांगेच्या शेवटी बसवा. बाकी असलेले निम्म्यांपेक्षा कमी असले तर मध्यक तरीही निघतो.

जुन्या आणि नव्या फीची तुलना महागाई काढून करा: जुनी फी गुणिले आजचा ग्राहक किंमत निर्देशांक भागिले तेव्हाचा निर्देशांक, दोन्ही निर्देशांक एकाच पायाभूत वर्षाचे. फी ५०,००० वरून ८०,००० झाली आणि निर्देशांक त्याच काळात ११० वरून १७६ ला गेला, तर खरी वाढ शून्य आहे, आणि तसं लिहायला कचरू नका. त्याच काळात त्या घरचं उत्पन्न किती वाढलं हा वेगळा प्रश्न आहे, त्याचं उत्तर वेगळ्या ओळीत द्या.

पहिल्या दोन पानांत तारखांचे चार तुकडे आणि त्यांचे मध्यक आले पाहिजेत, साध्या मराठीत. कार्यालयात तेवढंच वाचलं जातं. कॉलेजशी संबंधित आकडे छापण्याआधी प्राचार्यांना लेखी पाठवा आणि १५ दिवस द्या. हिशेबाची चूक असली तर ती तिथेच निघते. मग एक प्रत समाजकल्याणच्या सहायक आयुक्तांकडे, एक तंत्रशिक्षण विभागाच्या कार्यालयात, एक विद्यापीठाच्या विद्यार्थी विकास विभागात. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या, कारण तीन महिन्यांनी ‘त्या अहवालावर काय कार्यवाही झाली’ असा माहितीचा अर्ज करताना तो क्रमांक लागतो.